सदाफुलीच्या पानातली वस्ती

सदाफुलीला आपल्याकडे फारसा मान नाही. तुळशीला वृंदावन, मोगऱ्याला आळे, गुलाबाला कुंडी. सदाफुलीने मात्र बी पडेल तिथे उगवावे आणि बाराही महिने मुकाट्याने फुलत राहावे, असाच रिवाज. न्हाणीच्या सांडपाण्यावर, पडक्या भिंतीच्या फटीत, शाळेच्या कुंपणाशी ती कुठेही दिसते. देवाला चार फुले कमी पडली की तिची आठवण होते, आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत म्हणून ती टिकते. गुरे तोंड का लावीत नाहीत, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. ज्यांनी तो निराळ्या वाटेने विचारला, त्यांच्या हाती एक मोलाचे औषध लागले. आणि ते औषध पानाच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यात, कोणाच्या हातून तयार होते, हे उलगडायला त्यानंतर साठाहून अधिक वर्षे गेली.

त्या साठ वर्षांची ही हकीकत आहे. तिच्यात एक झाड आहे आणि एक नवी विद्याही आहे. या विद्येचे नाव ‘एकेका पेशीतल्या आरएनएचे वाचन’. नाव जड आहे, पण वाचकांनी बिचकू नये. परिटाच्या भट्टीचा हिशेब ज्याला कळतो, त्याला हेही कळेल.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटाची. कण्हेर, रुई आणि चाफा यांच्याच गोतातली. अठराव्या शतकात तिचे बी पॅरिसच्या राजोद्यानात गेले, तिथून लंडनजवळच्या चेल्सीच्या औषधी बागेत पोहोचले, आणि १७५९ साली लिनियसने तिला विन्का रोझिआ असे नाव दिले. १८३७ साली जॉर्ज डॉन याने तिचे घराणे बदलून तिला कॅथरॅन्थस असे नवे नाव लावले, आणि शास्त्रीय ग्रंथांत आज तेच चालते. झाडाने त्या नावांची पर्वा केली नाही. बोटींबरोबर ते उष्ण देशांत पसरले आणि जिथे गेले तिथे जणू तिथलेच होऊन बसले. गंमत अशी, की एकमेकांपासून हजारो कोसांवर असलेल्या या मुलखांतल्या लोकवैद्यकात तिच्याविषयी एकच समज रूढ झाला: पानांचा काढा मधुमेहावर चालतो.

हा समज १९५२ साली एका पाकिटात बसून कॅनडाला गेला. टोरांटोच्या डॉ. क्लार्क नोबल यांच्या एका रुग्णाने त्यांना जमेकाहून सदाफुलीची पंचवीसेक पाने पाठविली. तिकडे इन्सुलिन मिळेना म्हणजे लोक या पानांचा चहा करून पितात, असा निरोप होता. क्लार्क नोबल यांचा आणि मधुमेहाचा ऋणानुबंध जुना. इन्सुलिनच्या शोधाच्या वेळी बँटिंगच्या हाताखाली आधी कोणी काम करायचे यासाठी दोघा विद्यार्थ्यांत नाणे उडविले गेले. बेस्ट जिंकला आणि नोबल हरला, अशी गोष्ट सांगतात. नोबल आता निवृत्तीच्या वाटेवर होते. त्यांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात धाडली.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा काढा उंदरांना पाजून पाहिला. रक्तातली साखर ढिम्म हलली नाही. मग त्यांनी अर्क टोचून पाहिला. साखर तेव्हाही उतरली नाही. पण आठवड्याभरात उंदीर मरू लागले. त्यांच्या अंगात जंतूंनी थैमान घातले होते, कारण जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि हाडांतली मज्जा सुकून गेली होती. मधुमेहाचे औषध शोधणाऱ्या माणसाने इथे हात झटकले असते तर कोणी त्याला दोष दिला नसता. नोबल यांनी मात्र प्रश्न उलटा केला. जे द्रव्य पांढऱ्या पेशींचा असा फडशा पाडते, ते पांढऱ्या पेशी बेसुमार माजतात त्या रोगात उपयोगी का पडू नये?

रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांनी पुढची काही वर्षे त्या अर्कातून दोषी द्रव्य वेगळे काढण्यात घालविली, आणि १९५८ साली न्यूयॉर्कच्या एका परिषदेत ते जगापुढे ठेवले. पुढे त्याचे नाव व्हिन्ब्लास्टिन असे रूढ झाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात एका औषध-कंपनीचे संशोधकही स्वतंत्रपणे सदाफुलीच्याच मागे लागले होते. त्यांच्यातल्या गॉर्डन स्वोबोडा यांना त्याच पानात व्हिन्ब्लास्टिनचे एक भावंड सापडले. त्याचे नाव व्हिन्क्रिस्टिन. १९६३ साली ते अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. पेशी दुभंगताना आपल्या वारशाची वाटणी नीट व्हावी म्हणून बारीक तंतूंची एक दोरी विणते. ही द्रव्ये ती दोरी विणू देत नाहीत. जी पेशी अविरत दुभंगत असते, ती त्यामुळे मरते.

मुलांना होणारा रक्ताचा कर्करोग हा १९४० पर्यंत मृत्यूचाच दुसरा शब्द होता. काही आठवडे, फार तर काही महिने. आज सुसज्ज रुग्णालये असलेल्या देशांत त्या रोगाच्या नेहमीच्या प्रकारातली दहांपैकी नऊ मुले पाच वर्षे आणि त्यापुढे जगतात. हे यश अनेक औषधांच्या एकत्र माऱ्याचे आहे, पण त्या फळीत व्हिन्क्रिस्टिन अगदी आरंभापासून उभे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या उपचारांतही ते असते. वाऱ्यावर उगवलेल्या त्या रोपट्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरी बाजू. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, आणि एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनला सुमारे २,००० किलो. एका ग्रॅमसाठी पाच बैलगाड्या पाला! आणि कारखान्यात हे द्रव्य साध्या रसायनांपासून स्वस्तात घडवावे, तर त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा की पदरी फारसे काही पडत नाही. औषधाचा पुरवठा किती नाजूक धाग्यावर लटकतो, याचा प्रत्यय २०१९ साली आला. त्या वर्षी अमेरिकेसारख्या संपन्न देशात व्हिन्क्रिस्टिन मिळेनासे झाले आणि कोणत्या मुलाची मात्रा लांबवायची, हा विचार डॉक्टरांना करावा लागला. त्या वेळचे कारण पानांचे नव्हते. एका उत्पादकाने धंद्यातून अंग काढले आणि दुसऱ्याचे उत्पादन अडले. पण जे औषध मुबलक आणि अनेक ठिकाणी तयार होते, त्याच्यावर अशी पाळी सहसा येत नाही.

म्हणजे प्रश्न असा उभा राहिला: झाड हे द्रव्य करते तरी कसे? ती कृती हाती आली तर झाडावाचूनही ते करता येईल.

हा प्रश्न सोडवायला रसायनतज्ज्ञांनी काय केले, तर पान वाटले. वाटले, गाळले, अर्क काढला, त्यातले घटक मोजले. पान म्हणजे एक द्रव्य, अशी ती सोय होती. आणि इथेच खरी अडचण होती, कारण पान हे एक द्रव्य नव्हे. ती वस्ती आहे.

वस्तीचा हा शोध जुना. १६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खणाखणांची रचना दिसली. त्या खणांना त्याने मठातल्या साधूंच्या कोठड्यांचे नाव दिले; आपण तिला पेशी म्हणतो. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत कळले, की पानाची कातडी निराळ्या पेशींची असते, आतला हिरवा गर निराळ्या, पाणी आणि अन्नरस वाहणाऱ्या नळ्या आणखी निराळ्या. रूपे कळली. पण कोण काय काम करते, हे रूपावरून किती कळणार? धोतर-टोपीवरून माणूस वाणी की मास्तर, हे ओळखणे जितके बेभरवशाचे तितकेच हे.

काम कळायचे तर पेशीच्या घरातले कागद वाचायला हवेत. प्रत्येक पेशीजवळ डीएनएचा एक भला मोठा ग्रंथ असतो आणि एका झाडाच्या साऱ्या पेशींजवळ तो एकच असतो. मुळाच्या टोकाजवळ आहे तोच फुलाच्या पाकळीत. ग्रंथ एकच असून पेशी निराळ्या होतात त्या वाचनाने. जी पेशी जे काम करते, त्यापुरती पाने ती उघडते आणि त्यांच्या छोट्या नकला काढून कामाच्या जागी धाडते. या नकला म्हणजे संदेशवाहक आरएनए. १९६१ साली त्यांचा पत्ता लागला. ग्रंथ वाचून पेशी काय करू शकते ते कळेल. या चिठ्ठ्या वाचल्या तर ती या घटकेला काय करीत आहे ते कळते.

पण चिठ्ठ्याही वाटून घेतलेल्या पानातूनच काढल्या जात. लाखो पेशींच्या चिठ्ठ्या एकत्र झाल्या म्हणजे हाती काय येते? सरासरी. मी शाळामास्तर, सरासरीचा खोटेपणा मला रोज भेटतो. वर्गाची गणिताची सरासरी ४२ आली, म्हणून वर्गात ४२ गुणांचा एक तरी मुलगा असतो असे नाही. निम्मे सत्तरीला असतात आणि निम्मे पंधराच्या आसपास. पानात शंभरांतल्या दोन-तीनच पेशी एखादे दुर्मीळ काम करीत असल्या, तर त्यांचा आवाज उरलेल्या सत्त्याण्णवांच्या गलक्यात बुडून जातो. आणि औषधाचे काम दुर्मीळच होते.

एकेका पेशीचे म्हणणे वेगळे ऐकायचे, तर आधी पेशी वेगळी करायला हवी. प्राण्यांच्या बाबतीत हे बरेच सोपे. रक्तातल्या पेशी तर सुट्याच वाहतात. वनस्पतीची पेशी मात्र दगडी वाड्यात राहते. तिच्याभोवती सेल्युलोजची भिंत आणि ती भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चुन्याने सांधावी तशी चिकटलेली. १९६० साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या एडवर्ड कॉकिंग यांनी यावर तोड काढली. लाकूड-कापूस कुजविणाऱ्या बुरशीजवळ सेल्युलोज विरघळविणारे विकर असते. ते काढून त्यांनी टोमॅटोच्या मुळांच्या टोकांवर सोडले. भिंती विरघळल्या आणि आतल्या पेशी नाजूक पातळ गोळ्यांच्या रूपाने पाण्यात सुट्या झाल्या. ही युक्ती त्यांनी या कामासाठी योजली नव्हती. पण साठ वर्षांनी तिच्यावाचून अडले असते.

एका पेशीतल्या चिठ्ठ्या इतक्या थोड्या असतात, की त्या वाचण्याजोग्या करायला शास्त्राला २००९ साल उजाडावे लागले. केंब्रिजला अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत फुचौ तांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातली एकच पेशी घेऊन तिच्यातल्या चिठ्ठ्यांचे समग्र वाचन केले. एक पेशी! कौतुक मोठे, पण एका पेशीवरून वस्ती कशी कळावी? हजारो पेशी हव्यात, आणि त्या एकेक करून वाचायच्या तर आयुष्य पुरणार नाही. सगळ्या एकदम वाचायच्या तर पुन्हा गलका.

ही कोंडी २०१५ साली हार्वर्डच्या दोन गटांनी फोडली. त्यांची युक्ती समजून घ्यायला आपला परीट पुरे. परीट साऱ्या गावाचे कपडे एकाच भट्टीला लावतो. सदऱ्यांत सदरे मिसळतात, धोतरांत धोतरे. तरीही चार दिवसांनी ज्याचा सदरा त्याच्याच घरी येतो, कारण भट्टीला लावण्याआधी त्याने प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने त्या त्या घराची खूण घातलेली असते. हार्वर्डच्या मंडळींनी चिठ्ठ्यांना बिब्ब्याची खूण घातली.

ते असे. तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब सोडायचे. प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक बारीक मणी यावा, अशी योजना. (पुष्कळसे थेंब रिकामेच जातात, त्याला इलाज नाही.) मण्याला असंख्य धागे, आणि एका मण्याच्या साऱ्या धाग्यांवर एकच खूण, दुसऱ्या मण्याची खूण दुसरी. थेंबात पेशी फुटते, तिच्या चिठ्ठ्या मण्याच्या धाग्यांना चिकटतात आणि त्यांची नक्कल होताना प्रत्येकीला ती खूण जडते. मग खुशाल सारे थेंब फोडून सगळे एकत्र करावे आणि एकाच यंत्रात वाचावे. यंत्र खुणा पाहून कोणती चिठ्ठी कोणत्या पेशीची ते सांगते. दोहोंपैकी एका गटाची खूण बारा अक्षरांची होती. अक्षरे चारच, तरी अशा खुणा होतात १,६७,७७,२१६. दोन पेशींची खूण सारखी निघण्याची भीती फार थोडी. त्या एका प्रयोगात उंदराच्या डोळ्यातल्या ४४,८०८ पेशींचे जबाब नोंदले गेले.

वनस्पतिशास्त्रज्ञ हे पाहत होते. त्यांची तयारीही वाया गेलेली नव्हती. मोहरीच्या कुळातले अरॅबिडॉप्सिस नावाचे एक बोटभर तण त्यांनी अनेक वर्षे प्रयोगांसाठी पाळले होते. २००० साली त्याचा डीएनए-ग्रंथ वाचून झाला; सगळ्या वनस्पतींत तो पहिला. त्याचे मूळ तर देवाने शास्त्रज्ञांसाठीच घडविल्यासारखे: बारीक, पारदर्शक, पेशींचे थर एकात एक, आणि टोकापासून वर जावे तसतसे पेशींचे वय वाढत जाणारे. २००३ साली केनेथ बर्नबॉम आणि फिलिप बेन्फे यांनी या मुळाच्या एकेका थरातल्या पेशी चकाकत्या रंगाने ओळखून वेचल्या आणि मुळाचे पंधरा विभाग करून कोणत्या विभागात कोणती जनुके जागी असतात त्याचा नकाशा काढला. घराघरांचा नव्हे, आळ्यांचा तो नकाशा होता. थेंबांची युक्ती हाती येताच घरोघर जाणे शक्य झाले, आणि २०१९ या एकाच वर्षात अमेरिका, जर्मनी, चीन अशा देशांतल्या निरनिराळ्या गटांनी त्याच मुळाच्या हजारो पेशींचे वाचन प्रसिद्ध केले. २०२१ पर्यंत भाताचे मूळ आणि मक्याचे कोवळे कणीस यांचीही पाळी आली. २०२२ च्या एका नकाशात तर अरॅबिडॉप्सिसच्या मुळातल्या १,१०,००० हून अधिक पेशी आहेत.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र वाचकांनी समजू नये. भिंती विरघळवायला तास-दोन तास लागतात. ज्या माणसाच्या घराच्या भिंती नुकत्याच कोसळल्या त्याला ‘तुझा रोजचा दिवस कसा जातो?’ असे विचारले, तर तो भिंतीविषयीच बोलणार. पेशीही तेच करते. विकराच्या धक्क्याने तिच्यात काही भलत्याच चिठ्ठ्या निघतात. म्हणून शास्त्रज्ञ केवळ धक्क्याने जागी होणारी जनुके आधी ओळखून ठेवतात आणि हिशेबातून वगळतात. काही ऊतींच्या भिंती इतक्या चिवट, की तिथे सबंध पेशीचा नाद सोडून फक्त तिचे केंद्रक काढून त्यातल्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात.

दुसरी अडचण पत्त्याची. पेशी सुटी झाली की ती पानात कुठे राहत होती हे कळायला मार्ग उरत नाही. यंत्र सारख्या चिठ्ठ्यांच्या पेशींचे गट पाडून देते. पण गटांना नावे नसतात. माझ्याकडच्या वह्यांवरची नावे कोणी पुसून टाकली, तरी बेरजांची वही पहिलीची आणि त्रैराशिकाची वही वरच्या इयत्तेची, हे मी सांगू शकेन, कारण कोणत्या वर्गात काय शिकवतात ते मला आधीपासून ठाऊक आहे. इथेही तसेच. जुन्या अभ्यासकांनी एकेका जनुकाचा ठिकाणा वर्षानुवर्षे खपून शोधला नसता, तर नव्या यंत्राचे गट निनावीच राहिले असते.

सदाफुलीच्या बाबतीत हे जुने काम १९९९ साली कॅनडात व्हिन्सेन्झो द लूका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले होते. पानाचे पातळ काप घेऊन, औषधाच्या कृतीतले एखादे जनुक कोणत्या पेशीत जागे आहे, ते त्यांनी रंगवून पाहिले. नवल असे दिसले, की कृतीतली काही कामे पानाच्या कातडीत चालतात, तर शेवटची काही कामे आतल्या निराळ्याच पेशींत. २००४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखविले, की कृतीचा आरंभ तर तिसऱ्याच ठिकाणी, शिरांमधल्या अन्नरसाच्या नळ्यांशेजारच्या पेशींत होतो. म्हणजे एक काम आणि तीन घरे! पण हे दार ठोठावून विचारणे एका वेळी एका जनुकापुरतेच होते. कृतीत तर तीसहून अधिक पायऱ्या, आणि मधल्या कित्येक पायऱ्यांची जनुके सापडलेलीच नव्हती. २०१८ साली सॅरा ओकॉनर यांच्या गटाने इंग्लंडात नॉरिच येथे त्या साखळीतले काही महत्त्वाचे हरवलेले दुवे शोधून काढले, तेव्हा चित्र बरेच भरले.

२०२३ साली पूर्ण वस्तीची खानेसुमारी झाली. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात रॉबिन ब्युएल यांचा गट आणि जर्मनीत येना येथे ओकॉनर यांचा गट यांनी मिळून सदाफुलीच्या आठ गुणसूत्रांचा ग्रंथ नव्याने नीट लावला, पानातल्या हजारो पेशी सुट्या करून त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि त्यावर कडी म्हणजे एकेक पेशी वेगळी घेऊन तिच्यात कोणती रसायने साठली आहेत तेही तपासले. त्यांना जे दिसले ते असे.

पहिले घर शिरांजवळचे. तिथे कच्च्या मालाचा पहिला भाग घडतो. हा माल तिथून पानाच्या कातडीतल्या पेशींकडे जातो. दुसरे घर हे. इथे त्या भागाला दुसरा भाग जोडला जातो आणि पुढच्या बऱ्याच पायऱ्या पार पडतात. मग माल पुन्हा आत जातो, तिसऱ्या घरात. या पेशींना इडिओब्लास्ट म्हणतात. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आपल्याच तऱ्हेची’ असा काहीसा. गावात एखादा विक्षिप्त कारागीर असतो तशा, हिरव्या गरात इथे एक तिथे एक विखुरलेल्या. त्या संख्येने फार थोड्या. पण शेवटचा हात त्यांचाच. व्हिन्ब्लास्टिनची दोन अर्धुके, कॅथरॅन्थिन आणि व्हिन्डोलिन, यांचा साठा त्यांच्यातच सापडला.

आता या खानेसुमारीचा उपयोग पाहा. दोन अर्धुकांना जोडणारे एक विकर आधीच माहीत होते; पण जोड पुरी करून व्हिन्ब्लास्टिनच्या अगदी अलीकडचे द्रव्य देणारे विकर कोणते, हे ठाऊक नव्हते. वाटलेल्या पानात ते शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई धुंडाळणे. अर्धुके इडिओब्लास्टमध्ये आहेत, तर जोडणाराही तिथलाच असणार, असे म्हणून त्यांनी फक्त इडिओब्लास्टच्या चिठ्ठ्या चाळल्या, आणि ते विकर सापडले. त्याच संशोधनात, ग्रंथात शेजारी शेजारी नांदणाऱ्या जनुकांवरून माग काढीत, कृतीतले एक मधले द्रव्य पेशीतल्या एका कप्प्यात नेणारा हमालही सापडला. कृतीची पुस्तके हमालांना विसरतात. पण माल पोचविणारा नसेल तर कारागीर काय करणार?

झाडाने एवढा व्याप का मांडला असावा? एक गोष्ट ठाऊक आहे. ही द्रव्ये विषारी आहेत, आणि काही विषांचे दोन भाग पान वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. अळीने चावा घेतला, कप्पे फुटले, की दोन्ही एकत्र येऊन विष सिद्ध होते. ज्या घरात दारूगोळा करायचा, त्याच घरात चूल पेटवू नये, हे शहाणपण झाडाला आपल्याआधी सुचले आहे. गुरे सदाफुलीला तोंड लावीत नाहीत ते याच गोत्रातल्या विषांमुळे.

या ज्ञानाचा पुढचा मुक्काम यीस्ट, म्हणजे पाव फुगविणारे किण्व. २०२२ साली डेन्मार्कमध्ये जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या पेशीत ३४ परकी जनुके घालून आणि तिच्या स्वतःच्या ग्रंथातही फेरफार करून तिच्याकडून व्हिन्डोलिन आणि कॅथरॅन्थिन करून घेतले, आणि मग रसायनांच्या साहाय्याने ती जोडून व्हिन्ब्लास्टिन मिळविले. उत्पादन अगदी अल्प होते. त्यात नवल नाही; सदाफुली जे काम तीन घरांत वाटून करते, ते सगळे एका खोलीत कोंबलेले होते. हमाल कोणता, जोडणारा कोणता, कोणते काम कोणत्या कामापासून दूर ठेवायचे, हे एकेका पेशीच्या जबाबातून जसजसे कळेल, तसतसे ते उत्पादन वाढविण्याचे मार्ग दिसतील. तोवर पानेच आहेत. मादागास्करात आणि आपल्या दक्षिण भारतात सदाफुलीची शेते औषधासाठी लावली जातात, पाने वाळवून कारखान्यांकडे जातात.

या हकीकतीत एक हिशेब उरतो आणि तो कोणत्याही यंत्राने सुटायचा नाही. ज्यांच्या काढ्यामुळे त्या पानांचे पाकीट निघाले त्या लोकांना, आणि ज्या बेटाची ही वनस्पती त्या देशाला, औषधाच्या नफ्यातला वाटा मिळाला नाही, अशी टीका पुढे वर्षानुवर्षे होत आली. ती टीका अनाठायी आहे असे मला वाटत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाने उंदराच्या मरणातून औषध वाचले, हे त्याचे श्रेय. पण ते झाड लक्षात ठेवून पिढ्यान्‌पिढ्या वापरणारे कोणी होते म्हणूनच पान त्याच्या टेबलापर्यंत आले.

आणि जाता जाता एक सूचना, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना. मधुमेहावर सदाफुलीची पाने चावून खा, असा सल्ला आजही देणारे देतात. वर सांगितलेल्या उंदरांची आठवण ठेवावी. ज्या द्रव्याची मात्रा डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेत देतात, ते पानागणिक कमीजास्त असते, आणि त्याच्याबरोबर शंभराहून अधिक इतर द्रव्येही असतात. मधुमेहाला वैद्य-डॉक्टर आहेत. सदाफुलीने देवाला फुले द्यावीत, एवढे आपल्यापुरते पुष्कळ आहे.

बाकी तिचे काम चालूच असते. शिरांजवळच्या पेशी माल घडवतात, कातडीतल्या पेशी तो जोडतात, आणि गरातल्या त्या मोजक्या विक्षिप्त पेशी शेवटचा हात फिरवून तो साठवून ठेवतात. हूकने बुचाच्या खणांत डोकावले तेव्हा ते रिकामे होते. पेशी मरून गेलेल्या होत्या आणि उरल्या होत्या नुसत्या भिंती. त्या भिंतींआड कोण राहत होते आणि काय करीत होते, हे एकेकाला वेगळे विचारण्याची सोय माणसाला साडेतीनशे वर्षांनी झाली आहे. आजवर ज्यांची चौकशी झाली ती झाडे बोटांवर मोजण्याइतकी नसली, तरी फार नाहीत. आपल्या रानांतल्या हिरडा, बेहडा, अडुळसा यांच्या पानाफळांतही अशाच वस्त्या आहेत, आणि तिथल्या कारागिरांची पुरी खानेसुमारी व्हायची आहे. आज शाळेत वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा गिरवणारी मुले ती करतील, अशी आशा बाळगायला हरकत नाही.